प्रॉपर्टीच्या यादीतले मोहन राकेश

नाटकाच्या पहिल्या वाचनाला दिग्दर्शक भूमिका वाटतो, नट आपापल्या वाक्यांखाली रेघा मारतात आणि कोपऱ्यात एक जण वहीत यादी करत बसलेला असतो. चष्मा, कंदील, तांब्या, दोन पत्रं, एक छत्री. प्रॉपर्टी सांभाळणारा तो माणूस म्हणजे मी. नागपुरात दिवसा बँकेत खर्डेघाशी करून संध्याकाळी तालमीला पळणाऱ्या पिढीतला. अभिनय अंगात नव्हता आणि दिग्दर्शन करण्याइतका आवाज चढत नव्हता. पण तिसऱ्या अंकात नटाने हात पुढे केला की त्या हाताला हवी ती वस्तू लागलीच पाहिजे, एवढं मात्र मी पाहिलं. आमच्या गावात मराठी आणि हिंदी एकाच भिंतीला टेकून राहतात, त्यामुळे दोन्ही भाषांतली नाटकं वाट्याला आली. त्यांत एका नाटककाराने माझ्या वहीची पानंच्या पानं खाल्ली. तो म्हणजे मोहन राकेश.

मराठी वाचकाला हे नाव अगदीच परकं नाही. त्यांच्या ‘आधे अधूरे’चं मराठी भाषांतर खुद्द विजय तेंडुलकरांनी केलं. मुंबईत सत्यदेव दुबेंनी ते हिंदीत बसवलं तेव्हा त्यात अमरीश पुरी होते. गेल्या दशकात लिलेट दुबेंच्या प्रयोगात डॉ. मोहन आगाशे होते. तरीही राकेश यांच्याबद्दल आपल्याकडे बोललं जातं ते ‘आधुनिक हिंदी रंगभूमीचे शिल्पकार’ अशा ठोकळेबाज शब्दांत. समीक्षक त्यांच्या नाटकांत स्त्री-पुरुष संबंध शोधतात, कलावंत आणि सत्ता शोधतात, अस्तित्ववादही शोधतात. तिथं ते आहेच. मला मात्र ही नाटकं कळली ती सामानाच्या यादीतून. राकेश यांची माणसं बोलता बोलता अडतात, टाळतात, स्वतःला फसवतात. त्यांच्या आजूबाजूच्या वस्तू तसं काही करत नाहीत.

माठ किती?

‘आषाढ का एक दिन’ हे राकेश यांचं पहिलं मोठं नाटक, १९५८ सालचं. नायक कालिदास, पण नाटक घडतं ते डोंगरातल्या एका खेड्यातल्या साध्या घरात. हे घर मल्लिकेचं. ती कालिदासावर जीव टाकते. उज्जयिनीहून राजकवीपदाचं बोलावणं येतं, तो जायला कचरतो आणि तीच त्याला आग्रह करून पाठवते. पुढे तो राजकन्या प्रियंगुमंजरीशी लग्न करतो, काश्मीरचा कारभार सांभाळतो. एकदा लवाजम्यासह गावात येतो, पण तिला न भेटताच निघून जातो. शेवटच्या अंकात सगळं सोडून तो भिजत तिच्या दाराशी येतो. दरम्यान बरीच वर्षं गेलेली आहेत, आई अंबिका वारली आहे आणि मल्लिकेच्या घरात एक तान्हं मूल आहे.

कथा एवढीच. आता यादी पाहा. पडदा उघडतो तेव्हा अंबिका चुलीजवळच्या चौरंगावर बसून सुपात धान पाखडते आहे. भिंती सारवलेल्या आहेत, त्यांवर गेरूने स्वस्तिक, शंख, कमळ काढलेलं आहे आणि एका बाजूला पाण्याचे तीन-चार मोठे माठ आहेत. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला राकेश बजावतात, सारवण ठिकठिकाणी उखडलेलं हवं, गेरूची चित्रं विटलेली हवीत, चुलीजवळची भांडी कमी झालेली हवीत, माठ दोनच आणि त्यांवर शेवाळ. तिसऱ्या अंकात माठ एकच उरतो.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी माठांचे आकडे एकाखाली एक लिहिले आणि नाटकाचा सांगाडाच समोर दिसला. वर्षं किती गेली ते राकेश कोणाच्या तोंडून सांगत नाहीत. ‘बाई गं, किती दिवस झाले’ असा उसासा नाही. माठ कमी होतात, आणि ज्या घरात पाण्याचे माठ कमी होत जातात त्या घरात माणसं कमी होत गेली आहेत हे कोणालाही कळतं. आमच्या दिग्दर्शकाचा बेत दोन अंकांच्या मध्ये फक्त प्रकाश बदलायचा होता, कारण मातीचे माठ अंधारात हलवायचे म्हणजे फुटण्याची धास्ती. मी हट्ट धरला. कुंभाराकडून आणलेल्या एका माठाला हिरवा पोस्टर कलर आणि भुसा लावून शेवाळ चढवलं. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी मध्यंतरात मला गाठून विचारलं, “अहो, त्या पोरीच्या घरी आता पाणी भरणारं कोणी नाही का?” त्या आजींनी अस्तित्ववाद हा शब्द ऐकला नसावा, पण नाटक त्यांना बरोबर जाऊन भिडलं होतं.

तिसऱ्या अंकातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे कोरी पानं. मल्लिकेने स्वतःच्या हाताने पानं शिवून एक ग्रंथ बांधून ठेवलेला असतो. कालिदास कधीतरी येईल आणि यावर आपलं सर्वांत मोठं महाकाव्य लिहील, या आशेने. तो येतो, पानं उलटतो आणि त्याच्या लक्षात येतं की ती कोरी नाहीत. कुठे पाण्याचे थेंब वाळले आहेत, कुठे नखं रुतली आहेत, कुठे सुकलेल्या फुलांचा रंग उतरला आहे. महाकाव्य आधीच लिहून झालेलं आहे.

नाट्यगृहातल्या बाराव्या रांगेतून हे डाग कोणाला दिसणार? पण नटाला दिसतात. म्हणून मी तपकिरी कागद चहाच्या पाण्यात बुडवून वाळवायचो, त्याचे कोपरे मेणबत्तीवर किंचित होरपळायचो, जाड दोऱ्याने शिवायचो. मग एकेका पानावर थेंब, नखं, झेंडूच्या पाकळ्या घासून काढलेला पिवळट ओरखडा. एका प्रयोगाला आमच्या कालिदासाने पान उलटलं आणि तो थांबला. वाक्य विसरला असं समजून प्रॉम्प्टरने विंगेतून कुजबुज केली. तो विसरला नव्हता, वाचत होता. त्या दिवशी ते वाक्य त्याच्या तोंडून आलं तसं तालमीत कधीच आलं नव्हतं.

या नाटकात विनोदही आहे आणि तोही सामानाच्या आधारानेच. राणी येणार म्हणून घराची व्यवस्था लावायला अनुस्वार आणि अनुनासिक नावाचे दोन राजकर्मचारी येतात. भांडी हलवू की नको, आसन इथे ठेवू की तिथे, यावर ते गंभीर चर्चा करतात आणि शेवटी काहीही न हलवता निघून जातात. सरकारी कचेरीत एकदा तरी खेटे घातलेला प्रेक्षक इथं हमखास हसतो. आणि पहिल्या अंकातलं ते जखमी हरणाचं पाडस! कालिदास ते छातीशी धरून येतो, त्याला दूध पाजायचं असतं. आम्ही कापडात कापूस भरून पाडस केलं, वरून अंगवस्त्र गुंडाळलं आणि एक कान तेवढा बाहेर ठेवला. प्रेक्षकांना कान पुरला. पाऊस मात्र सगळ्यात सोपा होता. अंबिकेचं ते सूप मोकळं झालं की मी विंगेत त्यात ज्वारी घेऊन संथपणे फिरवत बसायचो. गडगडाटाला पत्र्याचा तुकडा.

आम्हा नागपूरकरांचं या नाटकाशी आणखी एक नातं आहे. मेघदूतातला रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, हे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडलं. तिथे आता कालिदासाचं स्मारक आहे, त्याच्या नावाचं संस्कृत विद्यापीठ आहे. त्यामुळे आमच्याकडे कालिदास म्हणजे थेट घरचा माणूस. राकेश यांनी या घरच्या माणसाला आत्मकेंद्री, पळपुटा, स्वतःची समजूत घालणारा असा रंगवला म्हणून काही मंडळी नाराज असायची. पण राकेश स्वतः संस्कृत शिकलेले होते. ‘शाकुंतल’ आणि ‘मृच्छकटिक’ त्यांनी हिंदीत आणलं. कालिदास त्यांना पाठ होता, म्हणूनच ते त्याच्याशी इतक्या सलगीने वागू शकले.

घर सोडणारा माणूस

आता या माणसाविषयी. जन्म ८ जानेवारी १९२५, अमृतसरचा. मूळ नाव मदन मोहन गुगलानी. वडील वकील, पण पैशाचं गणित कधी न जमलेले. राकेश सोळा वर्षांचे असताना ते गेले. भाडं थकलेलं होतं. ते चुकतं झाल्याशिवाय घरमालक अंत्ययात्रा निघू देईना, तेव्हा आईच्या हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढाव्या लागल्या. ही आठवण राकेश यांची पाठ सोडत नव्हती. घर हे आसऱ्याचं ठिकाण असतं तसंच ते माणसाला कोंडूनही घालू शकतं, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

शिक्षण लाहोरला झालं. १९४७ मध्ये फाळणी झाली आणि ज्या शहरात ते शिकले ते दुसऱ्या देशात गेलं. पुढे मुंबईत कॉलेजात शिकवलं, मग सिमल्याच्या बिशप कॉटन शाळेत, जालंधरच्या डी. ए. व्ही. कॉलेजात, दिल्लीत. नोकरी धरायची, जीव गुदमरला की राजीनामा द्यायचा, हा क्रम आयुष्यभर चालला. १९६२ मध्ये टाइम्स ऑफ इंडिया समूहाच्या ‘सारिका’ या कथा मासिकाचे ते संपादक झाले. त्या काळी हिंदी लेखकाला याहून मानाची खुर्ची क्वचितच मिळायची. वर्षभरात तीही सोडली. लग्नं तीन झाली. शेवटचं, अनिता औलख यांच्याशी झालेलं, टिकलं. अनिता राकेश यांनी पुढे ‘चंद सतरें और’ या आठवणींत या सहवासाबद्दल लिहिलं. मित्रांच्या गोतावळ्यात राकेश गडगडाटी हसण्यासाठी ओळखले जात आणि त्यांची डायरी वाचली की हा तोच माणूस का, असा प्रश्न पडतो.

सिमल्याची नोकरी सुटल्यावर, १९५२ च्या अखेरीस ते पश्चिम किनाऱ्याने थेट कन्याकुमारीपर्यंत गेले. ‘आख़िरी चट्टान तक’ हे त्या प्रवासाचं पुस्तक. त्यात तेव्हाचा, पोर्तुगीज अमलाखालचा गोवा भेटतो. वास्कोहून पणजीपर्यंतचा त्यांचा प्रवास गोंयकारांनी जरूर वाचावा. देवळं-चर्चं यांच्या वर्णनापेक्षा गाडीतले, होडीतले, धक्क्यावरचे लोक त्यात जास्त आहेत.

नाटकाआधी राकेश कथाकार म्हणून नावाजले होते. राजेंद्र यादव आणि कमलेश्वर यांच्याबरोबर ‘नई कहानी’ या हिंदी कथाचळवळीचे ते एक प्रमुख. त्यांची ‘मलबे का मालिक’ ही कथा फाळणीवरच्या उत्तम भारतीय कथांत मोडते. साडेसात वर्षांनी, हॉकीच्या सामन्याच्या निमित्ताने लाहोरहून काही मुसलमान अमृतसरला येतात. त्यांतला म्हातारा गनी आपलं घर पाहायला जुन्या गल्लीत शिरतो. घराच्या जागी राडारोडा आहे आणि त्यात एक जळकी दाराची चौकट उभी आहे. त्याच्या मुलाला ज्याने मारलं तो पहिलवान शेजारीच बसलेला असतो आणि म्हाताऱ्याला ते माहीत नसतं. तो त्याच्याशी मायेने बोलतो, पहिलवानाच्या घशाला कोरड पडते. दोषारोपाचा एक शब्द नाही. बाकीचं काम ती चौकट करते. नाटककार राकेश इथेच तयार झालेले दिसतात. ‘उसकी रोटी’ ही दुसरी कथा मणि कौल यांनी आपल्या पहिल्या चित्रपटासाठी घेतली. बस ड्रायव्हर नवऱ्यासाठी डबा घेऊन रस्त्याच्या कडेला ताटकळणारी बाई, एवढंच तिचं कथानक. पुढे १९७१ मध्ये कौल यांनीच ‘आषाढ का एक दिन’वरही चित्रपट केला.

हिंदीला नाटक मिळालं, म्हणजे काय झालं?

आपल्याला हे चटकन उमगत नाही, कारण मराठीत १८४३ च्या विष्णुदास भाव्यांपासून नाटक हा धंदाही आहे आणि व्यसनही. हिंदीचं तसं नव्हतं. पारशी कंपन्यांची भडक नाटकं एकीकडे आणि जयशंकर प्रसादांची देखणी, पण रंगमंचावर उभी करायला अवघड मानली गेलेली ऐतिहासिक नाटकं दुसरीकडे. एक फक्त पाहायचं, दुसरं फक्त वाचायचं. मधली जागा रिकामी होती. ‘आषाढ’ त्या जागेवर येऊन बसलं. भाषा संस्कृतप्रचुर, पण वाक्यं श्वासाच्या लांबीची. १९५९ मध्ये संगीत नाटक अकादमीने ते उत्कृष्ट नाटक म्हणून गौरवलं. कलकत्त्यात श्यामानंद जालान यांनी ‘अनामिका’ संस्थेसाठी ते बसवलं. मग १९६२ मध्ये राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक झालेल्या इब्राहिम अल्काझींनी ते हाती घेतलं. अल्काझी जन्माने पुण्याचे आणि राकेश यांच्याच वयाचे, तेही १९२५ चे. त्यांच्या हातून गेल्यावर हिंदी नाटक ही देशभर दखल घेण्याची गोष्ट झाली. साठच्या दशकात बंगालीत बादल सरकार, कन्नडमध्ये गिरीश कार्नाड, मराठीत तेंडुलकर आणि हिंदीत राकेश, अशी नावं एका दमात घेतली जाऊ लागली आणि ही नाटकं एका भाषेतून दुसरीत ये-जा करू लागली.

दुसरं नाटक ‘लहरों के राजहंस’ १९६३ चं. अश्वघोषाच्या ‘सौंदरनंद’ काव्यावरून सुचलेलं. बुद्धाचा सावत्र भाऊ नंद एका बाजूला बायको सुंदरी आणि दुसऱ्या बाजूला बुद्ध यांच्यामध्ये फरफटतो. या नाटकाने राकेश यांना फार छळलं. आधी कथा, मग रेडिओसाठी नाट्यरूप, मग नाटक, असा त्याचा प्रवास चाळीसच्या दशकापासून चाललेला. छापून आल्यावरही समाधान नाही. कलकत्त्यात जालान यांच्या तालमी सुरू असताना राकेश तिथे जाऊन राहिले आणि तिसरा अंक नव्याने लिहिला. नटांच्या तोंडून वाक्य ऐकायचं, खटकलं की रात्री बदलायचं. सुधारलेली आवृत्ती १९६८ मध्ये आली. लेखकाने तालमीत बसावं असा आग्रह ते कायम धरत, कारण नाटकाची शेवटची प्रत टेबलावर तयार होत नाही हे त्यांना पटलेलं होतं.

या नाटकाने मलाही छळलं, पण आरशापायी. सुंदरी शृंगार करते आहे, नंद तिच्यासमोर आरसा धरून उभा आहे. बाहेरून भिक्षूंचा घोष येतो, त्याचा हात हलतो आणि आरसा पडून फुटतो. दर प्रयोगाला खरी काच फोडली तर पुढचा अंक अनवाणी नटांनी कसा करायचा? मी स्टीलच्या पत्र्याला पॉलिश करून आरसा केला, पडायच्या जागी गालिच्याखाली वाळूची पिशवी ठेवली आणि फुटल्याचा आवाज विंगेत, फुटक्या काचांचं पोतं आपटून. हात आणि आवाज यांची वेळ जमायला हवी, एवढंच. अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला की शोकांतिकेचं प्रहसन होतं. पण आवाज बरोबर पडला की नंद काय निवडणार हे सभागृहाला त्याच्या आधीच कळलेलं असतं.

सावित्री घरी येते

राजे, कवी, भिक्षू संपले आणि १९६९ मध्ये राकेश एकदम दिल्लीच्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यात आले. ‘आधे अधूरे’. दिल्लीच्या ‘दिशांतर’ संस्थेसाठी ओम शिवपुरी यांनी ते बसवलं. पुढे हिंदी चित्रपटांतून शिवपुरी सगळ्यांना माहीत झाले. त्यांच्या पत्नी सुधा शिवपुरी यांनी सावित्री केली. दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांना त्या ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’मधल्या बा म्हणून आठवतील.

धंदा बुडालेला नवरा महेंद्रनाथ घरी बसून असतो. बायको सावित्री नोकरी करून घर ओढते. मोठी मुलगी बिन्नी लग्न करून गेली आणि परत येऊन बसली, मुलगा अशोक बेकार, धाकटी किन्नी अकाली वाढलेली आणि सतत चिडलेली. संहितेत मात्र नावं नाहीत, ‘स्त्री’, ‘पुरुष एक’, ‘बड़ी लड़की’, ‘लड़का’ असंच लिहिलं आहे. आणि राकेश यांची प्रसिद्ध अट अशी, की सुरुवातीला काळ्या सुटात येऊन प्रेक्षकांशी बोलणारा माणूस आणि सावित्रीच्या आयुष्यातले चारही पुरुष एकाच नटाने करायचे.

ही अट विंगेत कशी पाळली जाते ते सांगतो. नवऱ्याला पँट-शर्ट. साहेब सिंघानियाला बंद गळ्याचा कोट. जुना मित्र जगमोहनला टी-शर्ट आणि हातात सिगरेटचं पाकीट. नवऱ्याचा मित्र जुनेजा याला जुन्या वळणाचा लांब कोट. पँट तीच. म्हणजे कमरेखालचा माणूस बदलत नाही. आम्ही कोटाची बटणं नुसती शोभेला ठेवून आतून टिचबटणं लावली होती. नट बाहेर आला की एक जण कोट चढवी, दुसरा भांग बदली, मी हातात पाकीट कोंबी. प्रेक्षकांना वाटतं तसा हा नटाच्या कसबाचा खेळ नाही. सावित्री ज्याच्या त्याच्यात पुरा माणूस शोधते आणि प्रत्येक वेळी कोटाच्या आत तोच निघतो.

या नाटकाची सुरुवात मला आजही कोणत्याही भाषणापेक्षा मोठी वाटते. सावित्री ऑफिसातून सामान घेऊन येते. घरात कोणी नाही. हातातलं सामान ठेवते आणि विस्कटलेली खोली आवरू लागते. किन्नीचं दप्तर, अशोकने मासिकांतून कापलेले नट्यांचे फोटो, नवऱ्याने खुर्चीवर टाकलेला पायजमा, उष्टे चहाचे कप. एकेक वस्तू उचलताना ती पुटपुटते. त्या दोन-तीन मिनिटांत घरातल्या प्रत्येकाची ओळख झालेली असते आणि त्यांतलं कोणीही रंगमंचावर आलेलं नसतं. आमच्या सावित्रीचं काम करणारी बाई स्वतः नोकरी करून तालमीला येणारी होती. पायजमा मी नीट घडी करून खुर्चीवर ठेवला तर ती चिडायची. “असा ठेवतात का पुरुष? पाय काढले तशीच दोन वर्तुळं पडलेली पाहिजेत.” त्यानंतर मी तो तसाच ठेवत गेलो.

उत्तरार्धात जुनेजा येऊन सावित्रीला लांबलचक सुनावतो. तुला कोणीही पुरुष मिळाला असता तरी तू अशीच असमाधानी राहिली असतीस, असा त्याचा आशय. मग घर सोडून गेलेला महेंद्रनाथ जिन्यात घसरत, मुलाच्या आधाराने परत येतो. बायकांचा या नाटकावरचा जुना राग इथे आहे आणि तो मला समजतो. शेवटचा निकाल पुरुषाच्या तोंडी का? ‘आषाढ’मध्येही परतलेला कालिदास स्वतःची बाजू पानंच्या पानं मांडतो. नंदही बोलतो. निघून जाणाऱ्यांना राकेश यांनी भरभरून शब्द दिले, आणि स्वतः आयुष्यभर घरं, नोकऱ्या सोडत राहिलेल्या लेखकाने ते द्यावेत यात नवल नाही.

पण माझी वही दुसरी बाजू सांगते. शब्द जाणाऱ्याला दिले आणि घर राहणारीच्या ताब्यात ठेवलं. सूप अंबिकेचं, माठ आणि शिवलेली पानं मल्लिकेची, आरसा सुंदरीचा, पायजमा उचलणारे हात सावित्रीचे. मल्लिकेलाही तिसऱ्या अंकात मोठं स्वगत आहे, पण ते ती त्याने लिहिलेल्या ग्रंथांजवळ बसून बोलते, उज्जयिनीहून येणाऱ्या व्यापाऱ्यांकडून खटपट करून मिळवलेल्या. कालिदास जे बोलतो त्याला पुरावा नाही, तिच्या प्रत्येक शब्दाला हातात वस्तू आहे. जुनेजाचं भाषण कितीही बिनतोड वाटो, प्रेक्षकाने आधीच तिला चार जणांचा पसारा आवरताना पाहिलेलं असतं. राकेश यांचा स्वभाव जाणाऱ्यांकडे झुकत असेल, पण त्यांच्यातला नाटककार प्रामाणिक होता. त्याने साक्ष राहणाऱ्या बाईच्या बाजूची ठेवली.

१९६८ मध्ये राकेश यांना नाट्यलेखनासाठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. पुढे नेहरू अभ्यासवृत्ती मिळाली आणि विषय त्यांनी घेतला रंगमंचावरचा शब्द. बोललेल्या शब्दाला रंगभूमीवर नेमकं काय काम उरतं, याचा शोध. पुरात अडकलेल्या माणसांचं ‘पैर तले की ज़मीन’ हे नाटकही लिहायला घेतलं होतं. ३ डिसेंबर १९७२ रोजी दिल्लीत ते अचानक गेले. वय सत्तेचाळीस. नाटक नंतर कमलेश्वर यांनी पुरं केलं.

हल्लीच्या प्रयोगांत सेट हलका असतो. ‘आषाढ’ दोन लेव्हल आणि एका पडद्यावर होतं, माठ हाताच्या खुणेने दाखवतात, पानं काल्पनिक असतात. दौऱ्याचा खर्च मला ठाऊक आहे, म्हणून तक्रार करत नाही. पण काय गाळायचं ते ठरवण्याआधी यादी तरी करावी. तुम्हीही राकेश वाचायला घ्याल तर सवयीप्रमाणे तिरप्या अक्षरांतल्या रंगसूचनांवरून उडी मारून संवादांवर जाऊ नका. तिथं फर्निचरची माहिती दिली आहे असं वाटतं, पण निम्मं नाटक त्याच ओळींत आहे. हिंदी बेताचं येत असलं तरी चालेल. भांड्यांची, कपड्यांची, खोल्यांची हिंदी आपल्याला कळते, आणि राकेश यांना गाठायला ती पुरते.